पंडिता रमाबाई आणि दहा वर्षांची मुदत

बंगळूर शहराच्या आग्नेयेस बेळ्ळंदूर नावाचे गाव आहे. गाव म्हणायचे ते जुन्या सवयीने. आज तेथे उंच इमारती, संगणक कंपन्यांची कार्यालये आणि देशाच्या नाना भागांतून पोटापाण्यासाठी आलेली कुटुंबे आहेत. त्यांत आपल्या महाराष्ट्रातून गेलेली कुटुंबेही आहेत. या गावचे तळे बंगळूरमधील सर्वांत मोठे तळे होय. एके काळी त्याच्या पाण्यावर भोवतालची शेती पिकत असे. पुढे शहराचे सांडपाणी त्यात येऊ लागले, पाण्यावर फेसाचे ढीग उठू लागले, आणि २०१५, २०१७ व २०१८ या वर्षी तर त्या तळ्याला आग लागलेली लोकांनी पाहिली. तळे वाचावे म्हणून रहिवाशांची मंडळे आणि सेवाभावी संस्था पुढे आल्या, राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानेही त्यात लक्ष घातले.

अशा वेळी एक प्रश्न मनात येतो. सरकारजवळ सत्ता आहे, व्यापाऱ्याजवळ भांडवल आहे. ज्या संस्थेजवळ या दोहोंपैकी काहीच नाही, जिला नफा मिळवायचा नाही, तिच्या हातून एखाद्या मुलखाचे भले ते किती होणार? आणि दात्यांचा पैसा थांबला म्हणजे अशा संस्थेचे काय होते?

या प्रश्नांचा विचार एका आयुष्याच्या आधारे करता येईल. त्याच कर्नाटकाच्या घाटमाथ्यावरील अरण्यात जन्मलेल्या, दुष्काळात आईबाप गमावलेल्या आणि पुढे पुणे जिल्ह्यातील एका माळरानावर दोन हजार निराधार जिवांची वस्ती वसविणाऱ्या पंडिता रमाबाईंचे ते आयुष्य आहे. रमाबाईंची भक्ती आणि त्यांची विद्वत्ता यांविषयी आपण पुष्कळ वाचतो, ऐकतो. त्यांनी संस्था कशी उभारली, तिचा खर्च कसा भागविला आणि तिच्यापायी कोणत्या अग्निदिव्यातून त्या गेल्या, याकडे मात्र आपले लक्ष कमी जाते.

अरण्यातला आश्रम

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी पश्चिम घाटातील गंगामूळ येथे झाला. तुंगा, भद्रा आणि नेत्रावती या नद्यांचा उगम याच डोंगरात आहे. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मंगळूरकडील चित्पावन ब्राह्मण. विद्यार्थिदशेत ते पुण्यास गेले असता त्यांचे गुरू पेशव्यांच्या वाड्यात राणीसाहेबांस संस्कृत शिकवीत असल्याचे त्यांनी पाहिले आणि आपणही आपल्या पत्नीस शिकवावे असे त्यांच्या मनाने घेतले. पुढे त्यांनी आपली दुसरी पत्नी लक्ष्मीबाई हिला संस्कृत शिकविले. स्त्रीने देवभाषा शिकावी हे त्या काळी धर्मबाह्य मानले जाई. विरोध झाला, पंडितांपुढे आपली बाजू मांडावी लागली, आणि अखेर गाव सोडून या पतिपत्नींनी अरण्यात आश्रम बांधला.

तेथे विद्यार्थी येत, यात्रेकरू येत. आल्यागेल्याला अन्न मिळे. अनंतशास्त्री कोणालाही नाही म्हणत नसत. परंतु देणे चालू राहिले आणि येण्याचा मार्ग आटत गेला. कर्ज झाले. शेवटी आश्रम मोडून कुटुंब तीर्थयात्रेस निघाले. तान्ह्या रमाबाईंना वेताच्या पेटीत ठेवून डोक्यावरून नेण्यात आले होते. दानधर्म मनापासून असला तरी त्याला उत्पन्नाचा आधार नसेल तर तो फार काळ चालत नाही, हा धडा रमाबाईंच्या घराण्याच्या इतिहासातच होता. पुढे त्यांच्या हातून जे काही घडले त्यात या धड्याची आठवण दिसते.

दुष्काळाची शाळा

सुमारे सोळा वर्षे हे कुटुंब देशभर पायी हिंडले. देवळांत, घाटांवर पुराणे सांगावीत, मिळेल त्या दक्षिणेवर राहावे, उरेल ते दान करावे, असा त्यांचा क्रम होता. चालता चालता लक्ष्मीबाईंनी मुलीला संस्कृत शिकविले. भागवताचे हजारो श्लोक रमाबाईंना मुखोद्गत झाले.

मग मद्रास इलाख्यात दुष्काळ आला. लोकांनाच खायला नाही तेथे पुराणिकाला दक्षिणा कोण देणार? जवळचे सर्व संपले. सन १८७४ मध्ये उपासमारीने आधी वडील गेले, काही आठवड्यांनी आई गेली, पुढे थोरली बहीण कृष्णाबाई पटकीने गेली. मागे उरले भाऊ श्रीनिवास आणि सोळा वर्षांच्या रमाबाई.

या दिवसांविषयी रमाबाईंनी पुढे फार प्रांजळपणे लिहिले आहे. या कुटुंबाजवळ विद्या होती. पण पोट भरण्याचे कोणतेही कसब नव्हते. मोलमजुरी करावी तर ब्राह्मण्याचा अभिमान आड येई, भीक मागावी तर लाज वाटे. श्लोक हजारो पाठ, पण शिवण, विणकाम, शेतकाम यांपैकी काही येत नाही, अशी ती दशा होती. संस्कृत विद्येचा अनादर करण्याचा त्यांचा हेतू नव्हता. माणसाच्या हाताला काम नसेल तर संकटात विद्या त्याचा जीव वाचवीत नाही, हे त्यांनी स्वतःच्या भुकेतून जाणले होते.

बहीणभाऊ पायी उत्तरेकडे निघाले. काश्मीरपर्यंत ते गेले. झेलम नदीच्या काठी थंडीने जीव जाऊ नये म्हणून वाळूत खड्डे करून, अंगावर वाळू ओढून त्यांनी रात्री काढल्या. १८७८ साली ते कलकत्त्यास पोहोचले. तेथील विद्वानांनी या तरुण मुलीची परीक्षा घेतली आणि तिला पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. ज्या विद्येपायी तिच्या आईवडिलांना अरण्यात जावे लागले, त्याच विद्येचा असा गौरव झाला.

१८८० मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलांशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. ते ब्राह्मण नव्हते, म्हणून हा विवाह त्या काळी मोठ्या धाडसाचा होता. १८८१ साली कन्या मनोरमा जन्मली. ४ फेब्रुवारी १८८२ रोजी पतीचा पटकीने मृत्यू झाला. चोविसाव्या वर्षाच्या आत आई, वडील, बहीण, भाऊ व पती असे सर्व गेले. कडेवर मूल घेऊन त्या पुण्यास आल्या.

लहान वर्गण्यांचे बळ

पुण्यात आल्यावर रमाबाईंनी १८८२ मध्ये आर्य महिला समाजाची स्थापना केली. त्याच वर्षी हंटर शिक्षण आयोगापुढे साक्ष देताना त्यांनी स्त्री शिक्षिका आणि स्त्री डॉक्टर यांची निकड मांडली. परंतु व्याख्याने व ठराव यांनी बालविधवांचे दुःख हटत नव्हते. केशवपन झालेली, घराच्या कोपऱ्यात बसविलेली, अपशकुनी ठरविलेली आठदहा वर्षांची मुलगी जाईल कोठे? तिला छप्पर हवे, अन्न हवे, शिक्षण हवे आणि पुढे स्वतःच्या पायावर उभे राहण्याचे साधन हवे. हे काम एकट्यादुकट्याच्या दयेवर होणारे नव्हते, त्याला संस्थाच हवी होती.

१८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या. वाँटेज येथील भगिनींच्या मठात राहत असताना २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी व मनोरमेने बाप्तिस्मा घेतला. पतित स्त्रियांची जेथे सन्मानाने काळजी घेतली जाते अशा निवारागृहाचे काम त्यांनी इंग्लंडात पाहिले, आणि शोमरोनी स्त्रीशी बोलणाऱ्या ख्रिस्ताची ओळख त्यांना तेथे पटली. पुढे चेल्टनहॅम येथील महिला महाविद्यालयात त्यांनी अध्यापन केले.

१८८६ मध्ये डॉक्टर आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या फिलाडेल्फियास गेल्या. चार दिवसांसाठी गेलेल्या रमाबाई अमेरिकेत जवळजवळ तीन वर्षे राहिल्या. गावोगावी हिंडून त्यांनी व्याख्याने दिली, बालोद्यान पद्धतीचे शिक्षण घेतले आणि हिंदुस्थानातील उच्चवर्णीय स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजीत एक पुस्तक लिहिले. हे पुस्तक १८८७ मध्ये निघाले आणि पुष्कळ खपले. पुढे अमेरिकेच्या लोकस्थितीविषयी त्यांनी मराठीतही ग्रंथ लिहिला. त्या देशातील स्त्रिया एकत्र येऊन मंडळे कशी चालवितात, याचे त्यांना विशेष अप्रूप वाटले होते.

डिसेंबर १८८७ मध्ये बोस्टन येथे रमाबाई असोसिएशन स्थापन झाली. एडवर्ड एव्हरेट हेल हे तिचे अध्यक्ष होते. एकाच धनिकाकडून मोठी देणगी घेण्याऐवजी ठिकठिकाणी लहान लहान मंडळे काढून सभासदांकडून वार्षिक वर्गणी घ्यावी, अशी योजना ठरली. उच्चवर्णीय बालविधवांच्या शाळेचा खर्च या मंडळाने दहा वर्षे चालवावा असा करार झाला. शाळेत कोणत्याही एका धर्माची सक्ती अथवा प्रचार होणार नाही, अशीही अट होती. ती अट रमाबाईंनी राजीखुशीने मान्य केली होती.

हा करार नीट ध्यानात घेण्याजोगा आहे. त्यात पैसा किती काळ मिळणार हे ठरलेले होते आणि तो कोणत्या अटीवर मिळणार हेही ठरलेले होते. रमाबाईंच्या पुढील दहा वर्षांचा इतिहास या दोन कलमांभोवती फिरतो.

शारदा सदन आणि १८९३ची कसोटी

११ मार्च १८८९ रोजी मुंबईस चौपाटीजवळ शारदा सदन उघडले. आरंभी मुली हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. त्यांपैकी एक देवरुखची गोदूबाई नातू. बालपणीच वैधव्य आलेली ही मुलगी पुढे आपल्याला दुसऱ्या नावाने भेटणार आहे. मुंबईचा खर्च फार, म्हणून १८९० साली सदन पुण्यास हलविण्यात आले. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे, डॉक्टर रामकृष्ण गोपाळ भांडारकर अशा थोर सुधारकांनी सल्लागार मंडळात काम करण्याचे मान्य केले. आपल्या लेकीबाळी एका ख्रिस्ती बाईच्या हवाली करताना समाजाला जो विश्वास हवा होता तो या नावांमुळे मिळाला.

सदनात मुलींना आपापल्या धर्माचे आचार पाळण्याची पूर्ण मोकळीक होती. सोवळेओवळे, स्वयंपाक, पूजा, उपवास यांत कोणी ढवळाढवळ करीत नसे. मात्र रमाबाई स्वतःच्या खोलीत दररोज प्रार्थना करीत आणि खोलीचे दार उघडे ठेवीत. काही मुली आपण होऊन तेथे येऊन बसू लागल्या. ही गोष्ट बाहेर गेली. केसरीतून कडक टीका झाली. सल्लागार मंडळाचे म्हणणे असे पडले की, मुलींना प्रार्थनेस बसू देणे हा दिलेल्या वचनाचा भंग होय.

दोन्ही बाजूंचा विचार केला पाहिजे. पालकांनी विश्वासाने मुली पाठविल्या होत्या, आणि त्या विश्वासाला आपण जामीन आहोत असे रानडे, भांडारकर यांना वाटत होते. त्यांच्यावर समाजाचा दाब होता, तरी ते स्त्रीशिक्षणाचे वैरी नव्हते. रमाबाईंची भूमिका अशी होती की, सक्ती कोणावर नाही, उपदेश कोणाला नाही. पण स्वतःची श्रद्धा लपवून, दार लावून प्रार्थना करणे आपल्याला शक्य नाही, आणि जी मुलगी स्वेच्छेने येते तिला हाकलून देणेही शक्य नाही. शिवाय हिंदू मुलींना त्यांच्या पूजेची मोकळीक आहे, तर ख्रिस्ताविषयी जिज्ञासा असलेल्या मुलीलाही तशीच असली पाहिजे.

१८९३ साली सल्लागार मंडळाने संबंध तोडला. वीसपंचवीस मुली पालकांनी काढून नेल्या. चार वर्षांच्या कष्टाने जमविलेले घर अर्धे रिकामे झाले. ज्यांनी पुण्यास त्यांचे स्वागत केले होते तीच माणसे आता दूर झाली. अमेरिकेतील मंडळाने चौकशी करून रमाबाईंवरील विश्वास कायम ठेवला, म्हणून सदन टिकले. पुढे काही मुलींनी बाप्तिस्माही घेतला, आणि पुण्यातील तुटलेला धागा पुन्हा पहिल्यासारखा जुळला नाही.

संस्था चालविणाऱ्या प्रत्येकाने या प्रसंगाचा विचार करावा. संस्था कोणाची? पैसे देणाऱ्यांची, नाव देणाऱ्यांची, चालविणाऱ्यांची, की जिच्यासाठी ती काढली त्या निराधार मुलीची? चारही हक्क खरे आहेत, आणि ते एकमेकांच्या विरुद्ध उभे राहतात तेव्हा कोणाचे तरी मन दुखावतेच. रमाबाईंनी किंमत मोजली; परंतु त्यांनी मुलींच्या पूजेला बंदी केली नाही, की स्वतःच्या प्रार्थनेचे दारही लावून घेतले नाही.

मुदत संपण्यापूर्वी

दहा वर्षांची मुदत १८९९ च्या सुमारास संपणार होती. वर्गणी थांबली की सदन बंद पडणार, हे ओळखून रमाबाईंनी आधीपासून तजवीज केली. पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या लोहमार्गावर केडगाव येथे त्यांनी सुमारे शंभर एकर जमीन घेतली. विहिरी खणल्या, फळझाडे लावली. बागेच्या उत्पन्नावर पुढे सदन चालावे, दात्यांच्या पत्राची वाट पाहण्याची वेळ येऊ नये, असा बेत होता. वडिलांच्या आश्रमाची जी उणीव होती ती भरून काढण्याचा हा प्रयत्न म्हणता येईल.

परंतु फळबाग हाती येण्यापूर्वीच १८९६ चा दुष्काळ मध्य प्रांतात उतरला. बातम्या वाचून रमाबाईंना स्वतःचे जुने दिवस आठवले. त्या स्वतः मध्य प्रांतात गेल्या. मदतकेंद्रांवर अनाथ, अर्धनग्न, हाडांचे सापळे झालेल्या मुली त्यांनी पाहिल्या. भुकेपेक्षाही मोठे भय दुसरे होते. अशा निराधार मुलींवर दुष्ट माणसांची नजर होती आणि त्यांना कुमार्गाला लावणारे दलाल सर्वत्र फिरत होते.

शारदा सदनाच्या करारात या मुली बसत नव्हत्या. त्या सर्व उच्चवर्णीय नव्हत्या, सर्व विधवा नव्हत्या, त्यांच्यासाठी कोणी वर्गणी दिलेली नव्हती. हिशेबाच्या वहीकडे पाहिले असते तर परत फिरणेच शहाणपणाचे होते. रमाबाईंनी देवावर भरवसा ठेवून तीनशे मुली घेण्याचे ठरविले आणि त्यांना घेऊन त्या परत आल्या. १८९७ मध्ये पुण्यात प्लेगची साथ असल्याने शहरात इतक्या मुलींना ठेवण्यास मनाई झाली. तेव्हा केडगावच्या माळावर तंबू व गवती छपरे उभारून त्यांची सोय करण्यात आली. फळबागेसाठी घेतलेली जमीन अशा रीतीने माणसांच्या कामी आली.

१८९८ साली रमाबाई पुन्हा अमेरिकेस गेल्या आणि दहा वर्षांचा जबाब त्यांनी वर्गणीदारांपुढे ठेवला. जुने मंडळ विसर्जित होऊन त्याच्या जागी अमेरिकन रमाबाई असोसिएशन स्थापन झाली. दहा वर्षांचे वचन पाळलेल्या माणसांनी मुदत संपल्यावर पुन्हा हात पुढे केला. संस्थेची खरी पत ती हीच. सप्टेंबर १८९८ मध्ये केडगावच्या वस्तीचा मुक्ती सदन म्हणून समर्पणविधी झाला.

सन १९०० च्या दुष्काळात गुजरात, काठेवाड व राजपुताना या भागांतून आणखी मुली व स्त्रिया आणण्यात आल्या आणि मुक्तीतील संख्या दोन हजारांच्या जवळपास गेली. अशा वस्तीला दररोज लागणारे धान्य, पाणी, कपडे, औषधपाणी यांचा नुसता अंदाज केला तरी छाती दडपते. रमाबाई पगारी कार्यकर्त्यांवर आणि देणगीदारांवर जेवढा भार टाकीत त्याहून अधिक प्रार्थनेवर टाकीत. परंतु प्रार्थना करून त्या हात जोडून बसत नसत. पहाटेपासून त्या स्वतः कामाला लागत.

कामाचे हात

मुक्तीची व्यवस्था पाहिली तर ती एका स्वावलंबी गावाची व्यवस्था होती. शाळा होती, शिक्षिका तयार करण्याची सोय होती. त्याबरोबर शेती, दुग्धशाळा, हातमाग, शिवणकाम, तेलाचा घाणा, धुलाई, स्वयंपाकघर आणि छापखाना अशी खाती होती. प्रत्येक मुलीला वाचता लिहिता यावे आणि एखादे तरी कसब यावे, असा नियम होता. ज्या बाईला सोळाव्या वर्षी हाताला काम नसल्यामुळे आईबापांचे मरण पाहावे लागले तिच्या हाताखालची मुलगी रिकाम्या हातांची राहणार नव्हती.

वेगवेगळ्या गरजांसाठी वेगवेगळी घरे झाली. वाईट मार्गाला लावल्या गेलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन, वृद्धांसाठी प्रीती सदन, मुलग्यांसाठी सदानंद सदन, आणि आंधळ्यांसाठी बार्तीमय सदन. मनोरमेने अमेरिकेत ब्रेल लिपी शिकून घेतली होती. तिच्यामुळे आंधळ्या मुली बोटांनी वाचू लागल्या, टोपल्या विणू लागल्या. त्या काळी आंधळ्या मुलीला घरात ओझे मानीत. तिने विणलेल्या टोपलीला बाजारात किंमत येते, ही गोष्ट तिच्या इतकीच भोवतालच्या समाजालाही नवी होती.

येथे एखाद्या मुलखाच्या आर्थिक उन्नतीत सेवाभावी संस्थेचा वाटा कोणता, हे दिसू लागते. व्यापारी जेथे गिऱ्हाईक आहे तेथे जातो. सरकारचे काम नियमाने चालते, आणि त्या वेळचे सरकार दुष्काळात खडी फोडण्याची कामे काढी. अनाथ पोरीला त्या कामावर मजुरी मिळाली तरी आसरा मिळत नसे. ज्यांच्याजवळ पैसा नाही आणि ज्यांची नियमात तरतूद नाही अशांपाशी तिसरेच कोणी तरी जावे लागते. केडगावात ते घडले. शिवाय दोन हजारांची वस्ती एखाद्या लहानशा स्टेशनाजवळ वसते तेव्हा तिची गरज आणि तिचे उत्पादन यांचा परिणाम कुंपणापुरता राहत नाही. रोजची खरेदी, मालाची नेआण, पाणी व शिक्षणाची सोय यांमुळे आसपासच्या गावांशी तिचे व्यवहार जडतात. केडगावचे नाव जगभर पोहोचले ते या संस्थेमुळेच.

छापखान्याचे उदाहरण विशेष आहे. मराठी शास्त्राची भाषा साध्या खेडूत बाईलाही समजावी, या हेतूने रमाबाईंनी मूळ हिब्रू व ग्रीक भाषा शिकून पवित्र शास्त्राचे भाषांतर हाती घेतले. हे काम त्यांनी आयुष्याच्या शेवटापर्यंत केले. मुक्तीतील स्त्रियांनी त्याचे खिळे जुळविले, त्याची छपाई केली. दुष्काळात मरणाच्या दारी असलेल्या, अक्षर न ओळखणाऱ्या मुलींच्या हातून देववचनाचा ग्रंथ छापून निघाला.

अर्थात सर्व काही सुरळीत होते असे नव्हे. अशक्त होऊन आलेल्या कित्येक मुली वाचल्या नाहीत. दुष्काळाचा फायदा घेऊन धर्मांतर केले जाते, हा आरोप झाला आणि तो आजही ऐकू येतो. परदेशी पैशावरील अवलंबन रमाबाईंच्या हयातीत पूर्णपणे संपले नाही. फळबागेच्या बळावर सदन चालविण्याचा बेत दोन हजार माणसांच्या गरजेपुढे पुरा पडणे शक्यच नव्हते. तरीही स्वतःच्या उत्पन्नाकडे वाटचाल करण्याचा प्रयत्न त्यांनी सोडला नाही.

संस्थेची लेकरे

देवरुखच्या गोदूबाईंची आठवण आता केली पाहिजे. शारदा सदनात शिकलेल्या या विधवेशी प्राध्यापक धोंडो केशव कर्वे यांनी ११ मार्च १८९३ रोजी पुनर्विवाह केला. सदन उघडल्याला त्या दिवशी बरोबर चार वर्षे झाली होती. गोदूबाईंच्या आनंदीबाई झाल्या, आणि पुढे त्या बाया कर्वे म्हणून महाराष्ट्रास परिचित झाल्या. १८९६ साली कर्व्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला. तो पुढे हिंगण्यास गेला. १९१६ मध्ये त्यांनी महिला विद्यापीठाची स्थापना केली. हिंगण्याची वाट ख्रिस्ती नव्हती, तिचे चालक व दाते निराळे होते. परंतु विधवांचे वसतिगृह चालविता येते, त्यांना शिकवून स्वतःच्या पायांवर उभे करता येते, हे शारदा सदनाने आधी दाखवून दिले होते. ज्या पुण्यात सदनाचे घर अर्धे रिकामे झाले त्याच पुण्याजवळ त्या कल्पनेला दुसरी पालवी फुटली. चांगल्या संस्थेचे यश तिच्या भिंतींच्या आत मोजून संपत नाही, ते असे.

रमाबाईंनी कर्नाटकाशी असलेले नातेही तोडले नाही. गुलबर्गा येथे मुक्तीची शाखा म्हणून शाळा निघाली आणि मनोरमेने तिचा भार उचलला. मनोरमा ही आईच्या कामाची वारस व्हावी अशी सर्वांची अपेक्षा होती. ती उच्चशिक्षित, हिशेबी आणि मनमिळाऊ होती. परंतु २४ जुलै १९२१ रोजी चाळिसाव्या वर्षी ती वारली. आयुष्यभर इतरांच्या लेकींना सांभाळणाऱ्या आईला स्वतःची एकुलती लेक मातीत ठेवावी लागली.

रमाबाई त्यानंतर नऊ महिन्यांहून कमी काळ जगल्या. या अवधीत त्यांनी भाषांतराच्या कामाकडे लक्ष पुरविले आणि आपल्यामागे संस्था कशी चालावी याची व्यवस्था पाहिली. ५ एप्रिल १९२२ रोजी केडगाव येथे त्यांनी देह ठेवला. त्यांनी केलेले पवित्र शास्त्राचे संपूर्ण भाषांतर १९२४ साली प्रसिद्ध झाले. १९१९ मध्ये त्यांना कैसर-ए-हिंद पदक मिळाले होते, आणि स्वतंत्र भारताच्या टपाल खात्याने १९८९ साली त्यांचे तिकीट काढले. मुक्ती मिशन मात्र पदकावर वा तिकिटावर जगले नाही. संस्थापक गेल्यावर शंभर वर्षांनंतरही ते केडगावात काम करीत आहे. व्यक्तीच्या तेजावर उभ्या राहिलेल्या किती तरी संस्था त्या व्यक्तीबरोबर विझल्या. ही टिकली, कारण तिच्यात शिकविणारे, शेत राखणारे, हिशेब ठेवणारे हात तयार झाले होते.

आपल्यासाठी

वाचकहो, आपल्या ख्रिस्ती समाजाला संस्थांचे वैभव वारशाने मिळाले आहे. मिरज, वडाळा, अहमदनगर, सोलापूर येथील रुग्णालये, शाळा, वसतिगृहे यांची नावे आपण अभिमानाने घेतो. त्यांपैकी पुष्कळ संस्था परदेशी मिशनच्या पैशावर उभ्या राहिल्या. तो ओघ आटला, परदेशी देणग्यांवरील कायदे १९७६, २०१० आणि २०२० मध्ये क्रमाने कडक होत गेले, आणि कित्येक ठिकाणी इमारती उभ्या असूनही आतले काम मंदावले. कोठे विश्वस्तांचे वाद न्यायालयात गेले, कोठे जमिनीच विकल्या गेल्या. या दशेचे खापर सर्वस्वी बाहेरच्यांवर फोडता येणार नाही. दहा वर्षांची मुदत आपल्यालाही मिळाली होती, किंबहुना कितीतरी अधिक मिळाली होती. त्या मुदतीत आपण फळझाडे किती लावली?

रमाबाईंच्या चरित्रातून संस्था चालविणाऱ्यांनी घेण्याजोग्या गोष्टी साध्या आहेत. लहान वर्गणीदार जोडावा, कारण शंभर लहान हात एका मोठ्या हाताहून दीर्घकाळ आधार देतात. त्याला वेळेवर हिशेब द्यावा. मदत थांबण्यापूर्वी उत्पन्नाची सोय पाहावी. जो आश्रयाला येईल त्याच्या हाताला कसब द्यावे, नाहीतर मदत संपताच तो पुन्हा उघड्यावर येतो. वचन दिले असेल तर ते पाळावे, आणि पाळताना स्वतःची श्रद्धा लपवू नये, दुसऱ्याची मोडू नये. आणि कधी कधी दाराशी असे कोणी उभे राहते की, जे आपल्या योजनेत, नियमात, अंदाजपत्रकात बसत नाही. त्या वेळी काय करावे हे रमाबाईंनी मध्य प्रांताच्या मदतकेंद्रावर आपल्यापुरते ठरविले होते.

बेळ्ळंदूरच्या तळ्याकाठी आज जी मराठी ख्रिस्ती कुटुंबे राहत असतील त्यांना केडगाव दूर वाटेल. त्यांच्या भोवतालचे दुःख दुष्काळाचे नाही. पण तेथेही मोठमोठ्या इमारतींच्या आडोशाला परप्रांतांतून आलेल्या मजुरांच्या पत्र्याच्या वस्त्या आहेत, शाळेत न जाणारी मुले आहेत, घरकामाला जाणाऱ्या बाया आहेत, आणि स्वच्छ व्हायचे राहिलेले एक तळे आहे. चार कुटुंबांनी मिळून रविवारच्या उपासनेनंतर एखाद्या वस्तीत मुलांचा वर्ग चालविला, एखाद्या बाईला शिवणयंत्र मिळवून दिले, तळ्यासाठी झटणाऱ्या शेजाऱ्यांच्या मंडळात, ते कोणत्याही धर्माचे असोत, आपले नाव घातले, तरी आरंभ झाला असे म्हणता येईल. शारदा सदनाचा आरंभही मोजक्या मुलींनीच झाला होता.